विहिरीचा घास आणि भुजंग मिस्त्रीच्या कॅलऱ्या

आबासाहेबांच्या मळ्यातली थोरली विहीर म्हणजे बोरीच्या शिवारातली सगळ्यात खोल विहीर. मोटेच्या काळातली, पायऱ्या नसलेली. तिच्यात उतरायचं तर कप्पीवरून दोर सोडायचा, दोराला लाकडी पाट बांधायचा, पाटावर माणूस बसवायचा आणि वर चौघांनी दोर धरून त्याला आस्ते आस्ते खाली सोडायचं. पाटावर बसणारा माणूस ठरलेला होता, तो म्हणजे भुजंग मिस्त्री. मोटर जळू द्या, पाइप गळू द्या, नाही तर पाइपाच्या बुडाशी पाणी धरून ठेवणाऱ्या फुटव्हॉलमध्ये बेडूक अडकू द्या, भुजंग मिस्त्री खाली गेल्याशिवाय वर पाणी यायचं नाही.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. विहिरीला नारळ दाखवून झाला, मिस्त्री पाटावर बसला, चौघांनी दोर धरला. सगळ्यांच्या पुढं येडबा. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला गडी, आडदांड मेंढा एका हातानं दाबून धरणारा. तर झालं असं, की मिस्त्रीचे पाय काठाखाली गेले आणि कप्पी अशी काही कण्हली की झाडावरचे होले उडाले. दोर हातातून सरकायला लागला. मिस्त्री एका दमात पुरुषभर खाली गेला आणि लोलकासारखा हलत राहिला. दातात धरलेला पाना खाली पाण्यात पडला, त्याचा डुबुक आवाज वर आला. येडबानं कसाबसा दोराचा फेरा बाभळीच्या बुंध्याला मारला म्हणून बरं.

आता वर ओढायचं तर चौघांच्यानं मिस्त्री हलेना. शेवटी आबासाहेबांनी बैलजोडी आणवली, दोर जुवाला बांधला आणि जुन्या काळी मोट ओढायचे तसं बैल हाकून मिस्त्रीला बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की आबासाहेबांच्या विहिरीवर आज भुजंगाची मोट धरली होती.

मिस्त्रीही हसला म्हणा. पण येडबा हसला नव्हता. सोलवटलेल्या तळहातांवर फुंकर घालत तो मिस्त्रीजवळ येऊन बसला होता.

"मिस्त्री, राग मानू नगा," तो म्हणाला. "पर आता तुमाला धरणं आमच्यानं व्हायचं न्हाई. माझ्या लेकरायला बाप पायजे, तसा तुमच्याबी लेकरायला पायजे. हलके होऊन या, मग धरतो."

आबासाहेबांनी तेच जरा गोडीनं सांगितलं. फाल्गुनात पाणी तळाला जातं, तेव्हा प्रत्येक विहिरीतली मोटर वरच्या कट्ट्यावरून खालच्या कट्ट्यावर न्यावी लागते. मिस्त्रीची वर्षाची खरी सुगी म्हणजे ते दिवस. तोवर अंग उतरलं तर ठीक. नाही तर जिंतूरला एक काटकुळा मिस्त्री आहे, त्याला सांगावा धाडावा लागेल. आणि एकदा थोरल्या विहिरीवर दुसरा मिस्त्री आला, की बाकीच्या शिवारात तोच फिरणार, हे सांगायची गरज नव्हती.

हा भुजंग मुळात असा नव्हता बरं का. चौथीपर्यंत गावच्या शाळेत शिकला आणि परभणीला एका मोटर भरणाऱ्याच्या दुकानी राहिला. तिथं तो तांब्याची तार गुंडाळायला शिकला आणि पेचकसाचं टोक मोटरीला लावून मूठ कानाशी धरायला शिकला. मोटर कुठं दुखतेय ते त्याला असं कानानं कळायचं. तेव्हा इतका वाळका होता, की विहिरीचा पाइप आणि भिंत यांच्या सांदीतून आडवा निघायचा. लग्नात केशरबाईची आई म्हणाली होती म्हणे, की सदरा तर आला, पण नवरदेव कुठाय. पुढं गावोगाव लाइट आली, विहिरीविहिरीवर मोटरी बसल्या, मिस्त्रीचं काम वाढलं आणि कामासोबत मिस्त्रीही वाढला. सदरा आला की नवरदेव आलाच, एवढंच नाही, तर नवरदेवाचं पोट जरा आधी यायला लागलं.

मिस्त्री जिंतूरच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर तरुण आणि बोलका होता. त्यानं काट्यावर उभं केलं, आकडा पाहून भुवया उंचावल्या आणि विचारलं, की तुम्ही लाइटवाले ना, मग तुम्हाला समजायला सोपं आहे. विजेची जशी युनिटं, तशा अन्नाच्या कॅलऱ्या. जेवढ्या खाल्ल्या तेवढ्या कामात जळल्या तर वजन जागच्या जागी. जास्तीच्या खाल्ल्या तर त्या अंगावर साठतात. खर्चापेक्षा थोड्या कमी खायच्या, म्हणजे साठलेलं जळतं. फार कमीही करायच्या नाहीत, कमी दाबावर मोटर चालवली तर काय होतं?

"जळती," मिस्त्री म्हणाला. त्याला एकदम सगळं उमगल्यासारखं झालं. इतका सोपा आजार त्यानं आजवर पाहिला नव्हता.

मग डॉक्टरनं विचारलं, की काम बसून करता की कष्टाचं? मिस्त्री विचारात पडला. पाटावर तर बसूनच असतो. कष्ट वरच्या चौघांना. खोटं कशाला बोला, म्हणून त्यानं सांगितलं, बसून. डॉक्टर म्हणाला, मग दिवसाला पंधराशे पुरे. आणि ज्वारीची भाकरी एक म्हणजे साधारण शंभर धरा.

"केवढी भाकरी, साहेब?"

डॉक्टरनं दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जुळवून गोल करून दाखवला. मिस्त्रीनं तस्साच गोल आपल्या हातांचा केला आणि तो न मोडता दवाखान्यातून बाहेर पडला. एसटीत चढताना दांडा धरता येईना, तर मागच्या बाईनं त्याला ढकलून वर घातलं. जागेवर बसला तो गोल मांडीवर धरून. लोकांना वाटलं, माणूस काही तरी जपून न्यायलाय, सांडेल म्हणून शेजारचा जरा सरकूनही बसला. सगळं नीट चाललं होतं, पण कंडक्टर आला. तिकिटाला एक हात सोडावा लागला. तो परत जुळवला तेव्हा गोल तेवढाच राहिला की वाढला, याची मिस्त्रीला खात्री पटेना. बोरी येईपर्यंत खड्डेही बरेच होते. घरी पोचून केशरबाईला दाखवला तेव्हा तो चांगला ताटलीएवढा झालेला होता.

केशरबाई बघतच राहिली. तिची भाकरी परातभर. ती म्हणाली, एवढीशी तर मी वासराला चाखायला देते.

तरी तिनं मनावर घेतलं. पिठाला वाटी लावली, तेलाला चमचा लावला. पण दोनच दिवसांत शाळेतले व्यंकटराव गुरुजी ओट्यावर येऊन बसले. त्यांना कुणी तरी सांगितलं होतं, की मिस्त्री पंधराशेवर आला आहे. गुरुजींच्या विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, की कष्टाची कामं करणाऱ्याला तीन हजारांच्याही वर लागतात. आणि विहिरीत उतरून पाइप उचलणं हे बैठं काम कसं? गुरुजींनी सरळ विचारलं, की डॉक्टर कधी विहिरीत उतरलाय का?

मिस्त्रीच्या डोक्यात घोळ सुरू झाला तो इथून. पाटावर बसला असताना तो पंधराशेचा होता, हे कबूल. पण कट्ट्यावर उतरून पाना मारायला लागला की तीन हजारांचा व्हायचा. मग वर येताना पुन्हा पंधराशे? बरं, नुसता गॅस्केट बदलायचा असेल तर? आणि ज्या दिवशी बोलावणंच आलं नाही, त्या दिवशी किती? शेवटी त्यानं सकाळी काम बघून आकडा ठरवायचं ठरवलं. तर सकाळी फुटव्हॉल म्हणून बोलावलेलं असायचं आणि दुपारी फ्यूजच निघायचा. कष्टाच्या हिशोबानं खाल्लेलं अंगावर राहायचं ते राहायचंच.

केशरबाई चुलीपुढं बसून विचारायची, "आज कोन्त्या डॉक्टरचा सैपाक करू? जिंतूरच्या का शाळंच्या?"

हसून विचारायची, पण तिचा जीव टांगणीला होता. जिंतूरचा काटकुळा मिस्त्री एकदा आबासाहेबांकडं चहा पिऊन गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिनं मग एकच आकडा धरला, डॉक्टरचा. गुरुजींना ओट्यावरून उठवलं नाही, पण चहाही दिला नाही. नवऱ्याच्या ताटात एक भाकरी, तीही लहान. वरण, पालेभाजी. शेंगदाण्याची चटणी बंद, गूळ बंद, दुधावरची साय मांजरीला. आणि नवऱ्याहून बाईनं जास्त कसं खायचं, म्हणून तिचंही ताट तेवढंच. महिन्याभरात केशरबाईच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मिस्त्रीचा कमरेचा करगोटा मात्र होता तसाच रुतलेला.

डॉक्टरच्या काट्यावर उभा राहिला तर वजन किंचित वाढलेलं. मधे एकदा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसट्या जागच्या जागी उभ्या होत्या, तेव्हा तेवढी एक खेप टळली. पुढच्या खेपेला पाहिलं तर आणखी थोडं. डॉक्टरही चक्रावला. त्यानं काटा उलटा करून पाहिला, स्वतः उभा राहून पाहिला. मग केशरबाईकडं वळून विचारलं, की घरात तेल नक्की किती लागतं? बाईचं तोंड एवढंसं झालं. परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. आणि भुजंग काय म्हणाला असेल? तो म्हणाला, की तुझा हात तसा पहिल्यापासून सढळच. त्यावर तिनं अबोलाच धरला. ताट पुढं सरकवायचं आणि उठून जायचं.

मिस्त्रीनं मग रागानं घरचं आणखी कमी केलं. अर्धी भाकरी. थोरल्या विहिरीचं नाव नव्हतं, पण पायऱ्यांच्या विहिरी होत्या, तिथली कामं चालूच होती. कामाच्या दिवशी त्याला काही व्हायचं नाही. गडी टुणटुणीत. पण काम नसलं की घरी बसल्या बसल्या हातपाय गळायचे. हीसुद्धा एक गंमतच. कष्ट केले की ताकद यायची आणि बसलं की जायची. त्यानं गुरुजींना विचारलं. गुरुजींच्या पुस्तकात ते नव्हतं.

अशाच एका रिकाम्या दिवशी तो ओट्यावर मोटर भरत बसला होता. तारेचा फेरा मोजता मोजता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि माणूस तारेच्या गुंडाळीवरच आडवा झाला. केशरबाई धावली. तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. तो शुद्धीवर आल्यावर तिचा इतक्या दिवसांचा अबोला सुटला.

"हे असं पायरीवर झालं असतं तर?" ती म्हणाली. "मला सांगायलाबी कुनी आलं नसतं, आधी तुमालाच काढत बसले असते. उद्या मी येते संगं."

बाईमाणूस कामावर कशाला, असं तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी ती पुढं आणि तो मागं.

काम आबासाहेबांच्याच दुसऱ्या, पायऱ्यांच्या विहिरीवर होतं. केशरबाई आंब्याखाली बसली. थोड्या वेळानं आबासाहेबांच्या आई, कडूबाई, हातात झाकलेलं ताट घेऊन आल्या. ताटात गुळाचा खडा, असा की त्यानं पाटा फुटावा. भाजलेल्या शेंगदाण्यांची रास. खोबऱ्याची वाटी. आणि तांब्याभर दूध. रिकाम्या पोटी माणसाला विहिरीत उतरू द्यायचं नाही, उपाशी माणसाला विहीर ओढून घेते, ही तिकडची जुनी रीत. कडूबाईंनी चिमूटभर गूळ पाण्यात टाकला आणि बाकीचं ताट मिस्त्रीपुढं ठेवलं. मिस्त्रीनं ते बसून, शांतपणे, शेवटच्या दाण्यापर्यंत संपवलं. दूध प्यायला. मिशा पुसल्या. मग खाली उतरला. घटकाभरानं वर आला, तर विहिरीतला गारठा अंगात बसू नये म्हणून तुपातला शिरा तयार होता. तोही संपला.

केशरबाई उठून जवळ आली. तिचा आवाज अगदी हळू होता.

"आवं, हे काय खायलात तुमी?"

"मी कुठं खायलोय?" मिस्त्रीनं खरोखरच्या नवलानं विचारलं. "हे विहिरीचं हाय."

"मंग विहिरीनं खायाचं की."

"अगं, असं कसं बोलायलीस? विहिरीच्या नावाचं असतं. न्हाई म्हनायचं नसतं."

"दिसाला किती विहिरी होत्यात?"

मिस्त्रीनं सांगितलं, की असं काही नाही, कधी दोन, कधी तीन. हे बोलता बोलता त्याचा चेहरा बदलत गेला. पण लबाडी पकडली गेल्यासारखा नाही. देवळातल्या अंगाऱ्याचं पिशवीत घालून वजन केलं का, असं कुणी विचारावं, तसा तो गोंधळला होता. इतक्या वर्षांत विहिरीवरचा घास आपण खातो असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. खाणं म्हणजे भाकरी, आणि भाकरी घरी. इथं तर तो फक्त रीत पाळत होता. केशरबाई मात्र मटकन खाली बसली. आपल्या कोपरापर्यंत गेलेल्या बांगड्यांकडं बघितलं आणि आधी हसली, मग पदर डोळ्याला लावला, मग परत हसली. कडूबाईंना वाटलं, हिलाही चक्कर आली. त्यांनी तिच्यापुढं उरलेला शिरा ठेवला. तिनं खाल्ला.

दोघं जिंतूरला गेले. केशरबाईनं सगळं सांगितलं, आणि तेलाचं बोलणं लागलं होतं हेही सांगितलं. डॉक्टरनं आधी तिची माफी मागितली. मग मूठभर शेंगदाणे म्हणजे तुमच्या लहान दोन भाकऱ्यांच्याही वर, असा हिशोब सुरू केला. गूळ, खोबरं, दूध, तूप. एका विहिरीचा जो आकडा निघाला तो मिस्त्रीनं बोटांवर परत मोजून पाहिला. तीन विहिरी झाल्या की गुरुजींचा आकडाही मागं पडत होता.

"पण साहेब, ते प्रसादाचं हाय," तो शेवटचं म्हणून म्हणाला.

डॉक्टर म्हणाला, की घशाखाली गेलं की पोट विचारत नाही, कुणाच्या नावाचं. आणि पुढं त्यानं जे सांगितलं त्यानं मिस्त्री आणखीच बुचकळ्यात पडला. घरी तुम्ही फार कमी खायला लागलात, म्हणून भोवळ आली. घरचं वाढवा. केशरबाईंच्या हातची भाकरी सकाळी एक, संध्याकाळी एक, सोबत वरण, भाजी, ताक. काम निम्मं बसून आणि निम्मं कष्टाचं, तेव्हा आकडा मधला धरू, त्यातून अंग उतरवायचं म्हणून थोडा कमी, अठराशे. विहिरीवर मात्र काही नाही. महिन्यानं या, अंग उतरलं नाही तर आकडा परत बघू, एकदम बरोबर आकडा पहिल्याच दिवशी कुणालाच सापडत नाही.

म्हणजे बारीक व्हायला जेवण वाढवायचं. मिस्त्री एसटीत ते स्वतःशी तीनदा बोलला, तरी ते सरळ होईना.

आणि खरी अडचण पुढंच होती. विहिरीचं नाही म्हणायचं कसं? एका ठिकाणी त्यानं नको म्हणून पाहिलं, तर मळेकऱ्यानं त्याला पायरीवर पाय ठेवू दिला नाही. माझ्या विहिरीवर बट्टा लावता का, म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी लपवून खिशात घातलं, तर शेंगदाणे खाली पाण्यात पडले आणि फुटव्हॉलमध्ये अडकले. फाल्गुनाला तर महिना-दीड महिनाच उरलेला. शेवटी केशरबाईच कडूबाईंकडं जाऊन बसली. रीत राखणाऱ्या त्या, तेव्हा तोडगाही त्यांनीच काढायचा. तिनं एवढंच म्हटलं, की आत्याबाई, पोट भरलेलं पायजे, ते गुळानंच भरावं असं हाय का?

कडूबाईंनी सुपारी कातरून तोंडात टाकली. रीत कुणी घातली त्याचा त्यांनी मनाशी शोध घेतला असावा. मग त्या म्हणाल्या, "पोटात अन्न पायजे, मग ते कोन्तंबी असू दे. त्यानं घरची भाकर विहिरीवर बसून खावी. विहिरीला दिसली म्हंजे झालं. आन् विहिरीचं हाय ते जे दोर धरत्यात त्यायला द्यावं. जीव तर त्यायच्याच हातात असतो."

कडूबाई म्हणाल्या म्हटल्यावर शिवारात कुणी वाद घातला नाही. मिस्त्री काठावर बसून फडक्यातली भाकरी पालेभाजीशी खायचा आणि समोर विहिरीविहिरीवर सोबत येणारे येडबा आणि बाकीचे तिघं, दोर धरणारे, पाइप झेलणारे, गूळ-शेंगदाणे संपवायचे. पहिले काही दिवस तो दुसरीकडं बघत खायचा. डॉक्टरच्या काट्यावर महिन्यानं आकडा उतरलेला होता, फार नाही, पण उतरलेला. करगोट्याखाली बोट जायला लागलं. भोवळ आली नाही. केशरबाईच्या बांगड्या मनगटाकडं परतल्या, कारण आता तीही पोटभर जेवत होती.

फाल्गुनात आबासाहेबांच्या थोरल्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. मोटर खालच्या कट्ट्यावर घ्यायची वेळ झाली. आबासाहेबांनी जिंतूरला निरोप धाडला नव्हता, पण बैलजोडी मात्र जवळच बांधून ठेवली होती. केशरबाई आंब्याखाली आली होती, पण तिला विहिरीकडं बघवत नव्हतं. तिनं पाठ केली होती. कडूबाईंनी ताट येडबापुढं ठेवलं. मिस्त्रीनं आपली भाकरी खाल्ली, हात धुतले आणि पाटावर बसला.

पाय काठाखाली गेले. कप्पी कण्हली, पण नेहमीसारखी. दोर हातभर सुटला, थांबला, परत हातभर सुटला. बुंध्याला फेरा मारावा लागला नाही. ओल्या भिंतीचे दगड एकेक करून वर जायला लागले आणि मिस्त्रीच्या छातीवरचं ओझं त्यांच्यासोबत वर गेलं. थोरल्या विहिरीचा वर्षाचा धंदा टिकला. काटकुळा मिस्त्री जिंतूरलाच राहिला. कट्ट्यावर पाय टेकले तेव्हा त्यानं हात जोडले, कुणाला ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

पण मोटरीचे बोल्ट ढिले करता करता त्याच्या मनात परत घोळ सुरू झाला. डॉक्टरच्या काट्यावर उतरलं ते थोडंसं. दिवाळीनंतर चौघांच्यानं हलेना आणि आज कापसाच्या गाठोड्यासारखा खाली आला, एवढा फरक तेवढ्यानं पडतो? आणि येडबाचे दंड हल्ली कसे दिसायला लागले होते. महिनाभर रोज दोन दोन विहिरींचा गूळ, खोबरं, तुपातला शिरा. कमी झालं ते इकडं, का वाढलं ते तिकडं?

त्यानं पाना बाजूला ठेवला आणि मान वर करून हाक मारली.

"येडबा, खरं सांग. मी हलका झालो का तुमी दांडगे झालात?"

वरती गोल आभाळात चार डोकी दिसत होती. चौघं त्याच्याकडं बघत होते, चौघांचे जबडे हलत होते आणि उत्तर द्यायला एकाचंही तोंड रिकामं नव्हतं.